भिंतीबाहेरची कोरी जागा

माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. ती पुरती पंधरवड्याचीही झाली नाही. तिचा बाप्तिस्मा लवकरच उरकायचा होता, पण धर्मपिता व्हायचा तो मामा बोटीवर नोकरीला होता आणि त्याची बोट मुंबईला लागेपर्यंत थांबायचं ठरलं. बोट लागली, मामा आला, पण त्याच्या आदल्या रात्री मूल झोपेतच गेलं होतं. बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्या मुलाला त्या काळी चर्चच्या आवारातल्या आमच्या दफनभूमीत जागा नसे. अशी मुलं भिंतीबाहेर पुरत, भिंत आणि रस्ता यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात. क्रूस नाही, घंटा नाही, फादर नाहीत. बाप आणि एखादा काका तिन्हीसांजेला टोपली घेऊन जात आणि रिकामी टोपली घेऊन परत येत.

ओल्या बाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, त्यामुळे आईला जागा कधी कळलीच नाही. बाबांनी तिला त्याबद्दल आयुष्यात एकच वाक्य सांगितलं. बाळाच्या उशाखाली लोखंड ठेवायची आमच्याकडे जुनी रीत आहे. शेजारच्या हिंदू घरांत ठेवत तसंच आमच्याकडेही. कुणी कोयती ठेवी, कुणी सुरी, आमच्या घरी अडकित्ता असे. दुसऱ्या दिवशी आईने उशी उचलली तर अडकित्ता नव्हता. तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "तिच्यापाशी ठेवला," आणि मोगऱ्याला पाणी सोडायला वाडीत निघून गेले. बोलायची गोष्ट न बोलण्यात बाबांचा हात कुणी धरला नसता.

हे सगळं मला मोठेपणी तुकड्यातुकड्याने कळलं आणि खरं सांगायचं तर मी त्यावर फारसा विचारही केला नाही. प्रत्येक जुन्या घरात एखादं असं मूल असतंच. बाबा गेले, त्यांना भिंतीच्या आत जागा मिळाली, मी शाळेतून निवृत्त झालो, आणि आई ऐंशी कधीच ओलांडून बसली. मग गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर चर्चचा कारभार बघणाऱ्या पॅरिश कौन्सिलने ठरवलं की भिंतीबाहेरच्या त्या पट्ट्यावर पेव्हर ब्लॉक घालायचे आणि गाड्या लावायची सोय करायची. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या दिवशी आमच्या गल्लीत गाड्या अशा अडकतात की नवरा-नवरीला चालत जावं लागतं. सभेत मीसुद्धा बाजूने हात वर केला होता.

आईला मी ही बातमी जेवताना सहज सांगितली. तिने घास खाली ठेवला. आईची बोली आमच्या घरची आहे, ती आहे तशी लिहिली तर वसईबाहेरच्या माणसाला दुभाषी लागेल, म्हणून थोडी सोपी करून लिहितो. ती म्हणाली, "फादरला इचार, तिला आता आत घेतील का. माज्या आधी तिला आत घेऊ दे. मग मी जाते."

आमचे हल्लीचे फादर तरुण आहेत आणि मनाने मऊ. मला वाटलं होतं ते कॅनन लॉ, म्हणजे चर्चचे नियम काढतील, पण त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "आता तसं कुणी मानत नाही, सर. त्या मुलांसाठी आपण प्रार्थना करतो. इतक्या वर्षांनी तिथे काय उरलं असणार? मूठभर माती आणा, तुमच्या बाबांच्या कबरीत ठेवू." मला हायसं वाटलं. मूठभर मातीवर काम भागतंय म्हटल्यावर मी घरी येऊन आईला मोठ्या रुबाबात सांगितलं की काम झालं.

"कुठली माती?" आईने विचारलं.

"त्या पट्ट्यातली. कुठलीही."

"तिथं गावातली किती पोरं हायेत तुला ठाव हाय? दुसरीच्या पोराची माती आनून माझी म्हनून ठेवू? नि माझी बाहेर गाड्यांखाली?" मग ती म्हणाली, "जागा शोध."

चष्मा शोध म्हणावं तितक्या सहज म्हणाली. मला राग आला. कुणाचा आला ते मला नीट सांगता येणार नाही. आईचा आला, कारण ती म्हणत होती ते बरोबर होतं. बाबांचा आला, कारण दोन शब्द जास्त बोलले असते तर त्यांचं काही गेलं नसतं. बाबांबरोबर गेलेल्या काकालाही विचारता येत नव्हतं, तो बाबांच्याही आधी गेला. गावात जाऊन म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर प्रत्येकजण आपापल्या घरातलं मूल सांगायला लागला आणि जागा मात्र एकालाही सांगता येईना. चर्चच्या नोंदीत ही मुलं नाहीतच. पट्टा लांबीला चांगला शाळेच्या व्हरांड्याएवढा. अख्खा उकरायचा विचार मनात आला तेव्हा आईच म्हणाली, "एकीसाठी बाकीच्यांना उठवू नको."

तेव्हा मला तो अडकित्ता आठवला आणि अडकित्त्यावरून तो मशीनवाला आठवला.

या माणसाला मी भुईगावच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला जातो तिथे बघत आलो होतो. राहतो एव्हरशाईन सिटीत, मूळचा साताऱ्याकडचा, मुंबईला विमा कंपनीत नोकरी. रविवार आला की कानाला हेडफोन, हातात दांडा, दांड्याच्या टोकाला थाळीएवढी चकती, असं धातू शोधायचं मशीन घेऊन तो वाळूवरून ती चकती हलवत फिरतो. शनिवारी येणाऱ्या लोकांच्या खिशातून पडलेली नाणी, बाटल्यांची बुचं, पैंजणाचे तुकडे असला ऐवज तो जमा करतो. मी त्याला बघून मनातल्या मनात हसायचो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं बायकोला म्हणायचोही. त्याच माणसापुढे मी एका रविवारी जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, जरा काम होतं.

मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली. घरातला जुना लोखंडी अडकित्ता आहे, चर्चच्या भिंतीबाहेर पुरलेला आहे, शोधून द्याल का. का पुरला, कुणापाशी पुरला हे सांगायला जीभ रेटेना. तो खूशच झाला. "अँटिक आहे म्हणजे. पितळी असता ना सर, तर मशीनने ओरडून सांगितलं असतं. लोखंडाचं जरा ट्रिकी असतं. पण डोन्ट वरी, बघू."

माझं काम व्हायला आणखी एक गोष्ट मदतीला आली. पूर्वी त्या पट्ट्यात पावसाचं पाणी साचायचं, म्हणून कधीतरी चिंचोटी-कामणकडच्या खाणींतून डंपर आणून त्यावर मुरूम आणि काळ्या दगडाची कच टाकली होती. आता ब्लॉक घालायचे म्हणून कंत्राटदाराच्या जेसीबीने वरचा थर खरवडून नेला होता. खाली जुनी जमीन जवळ आली होती. ब्लॉक यायला काही दिवस होते, तेवढेच आमच्या हातात होते.

पहिल्या दुपारी तो ऑफिसमधून हाफ डे घेऊन आला. मशीन जोडताना त्याने मला पद्धत समजावली. चकती गुडघ्यापर्यंत उचलायची, जमिनीपासून चार बोटांवर आणायची, पुन्हा वर, पुन्हा खाली. हेडफोनमध्ये एक बारीक गुणगुण सतत चालू असते. चकती खाली येताना गुणगुण वाढली तर बटण एका बाजूला फिरवायचं, कमी झाली तर दुसऱ्या बाजूला. वर-खाली करूनही आवाज सारखाच राहिला की समजायचं, मशीनला तिथली जमीन कळली. त्यानंतर ते जमिनीकडे दुर्लक्ष करतं आणि जमिनीत वेगळं काही असेल तेवढंच सांगतं. "जमीन पण बोलते सर," तो म्हणाला. "आधी तिला गप्प करायचं. मग खालचं ऐकू येतं. याला ग्राउंड बॅलन्स म्हणतात."

जमीन बोलते हे मला नवीन नव्हतं. शाळेत मी दरवर्षी मुलांना भुईगावची काळी वाळू आणायला सांगायचो आणि तिच्यातून लोहचुंबक फिरवायचो. चुंबकाला काळी दाढी फुटायची आणि मुलं खिदळायची. आमच्या वाळूत लोखंडाचा अंश, काळ्या दगडात लोखंडाचा अंश, मुरूम लाल दिसतो तोही लोखंडामुळेच. हे सगळं मी फळ्यावर लिहून दिलेलं होतं. फक्त हे ज्ञान कधी माझ्याच आड येईल असं वाटलं नव्हतं.

"एक कंडिशन आहे," तो म्हणाला. "बॅलन्स करताना खाली काही मेटल नको. एकदम कोरी जागा पाहिजे. नाहीतर मशीन त्या मेटललाच जमीन समजतं, आणि मग तसलं काही आलं तरी गप्प बसतं. इथे कोरी जागा कुठली, तुम्ही सांगा. गाव तुमचं आहे."

मी लगेच पट्ट्याच्या टोकाला, चर्चच्या फाटकाच्या डावीकडची भेंडीच्या झाडाखालची जागा दाखवली. भेंडी म्हणजे भाजीची नव्हे, समुद्रकाठी वाढतो तो दाट सावलीचा मोठा वृक्ष. तिथे बाबा उभे राहायचे. चर्चमधली रविवारची मिस्सा संपली की आई बायकांच्या संघाच्या प्रार्थनेला आत थांबायची आणि मागच्या दाराने परस्पर घरी जायची. बाबा आम्हा मुलांना घेऊन बाहेर यायचे, भेंडीखाली उभे राहून एक बिडी ओढायचे आणि मगच घराकडे वळायचे. त्या बिडीचा मला लहानपणी फार कंटाळा यायचा, कारण भूक लागलेली असायची. माणसं जिथे वर्षानुवर्षं उभी राहतात तिथे कुणी कशाला काही पुरेल, असा माझा सरळ हिशेब होता. त्याने तिथे चकती वर-खाली केली, बटण फिरवलं, हेडफोन माझ्याही कानाला लावून दाखवला. गुणगुण एकसारखी चालली होती. "परफेक्ट," तो म्हणाला.

मग आम्ही पट्ट्यात शिरलो आणि चार पावलं गेलो नाही तोच मशीन कुरकुरायला लागलं. मी खुरप्याने उकरलं. काळा दगड निघाला. पुढे पुन्हा कुरकुर, पुन्हा दगड. "हॉट रॉक. दगड असून मेटलसारखा बोलतो," तो म्हणाला. मग एक बूच निघालं, एक खिळा निघाला, मग पुन्हा दगड. त्याने एक बटण कमी केलं. मशीन शांत झालं, पण इतकं शांत झालं की मी शेजाऱ्यांकडून नमुन्याला आणलेला अडकित्ता मातीत दाबून ठेवला तरी त्याने हूं की चूं केलं नाही. बटण वाढवलं की सगळा पट्टा एका सुरात रडायला लागायचा. पुन्हा भेंडीखाली जायचं, चकती वर-खाली करायची, पुन्हा आत यायचं. ऊन कलेपर्यंत आमचं हेच चाललं होतं.

दुसऱ्या दुपारी तेच झालं. त्या दिवशी मात्र तो नेहमीसारखा बडबडत नव्हता. दगडांचा ढीग बघत म्हणाला, "सर, एक प्रॉब्लेम आहे. तुमचा नमुना नवीन आहे, चकचकीत. खालचा इतकी वर्षं पडलाय. लोखंड गंजत गंजत मातीच होतं. आणि इथली माती पण लोखंडच आहे. मशीनने फरक करायचा कसा?" मी खुरपं झटकून पिशवीत टाकलं. मला उत्तर येत होतं, आणि ते त्याला हवं तसलं नव्हतं. घरी गेलो तर आई दारातच बसली होती. ती माझ्या रिकाम्या हातांकडे बघून आत गेली. त्या वेळी मला तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, मी येते. ऊन आहे, धूळ आहे, तू पडशील, मी सगळं सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. गाडीने आलो. चर्चमधून एक प्लॅस्टिकची खुर्ची आणून मी तिला पट्ट्याच्या कडेला बसवलं. कंत्राटदाराचा माणूस सकाळीच सांगून गेला होता की दुसऱ्या दिवशी ब्लॉक येणार. मशीनवाला आला, आईला म्हणाला, "नमस्ते आजी. तुमचा अडकित्ता लय त्रास देतोय." आणि नेहमीप्रमाणे भेंडीखाली जाऊन चकती वर-खाली करू लागला.

आई थोडा वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "तो तिथंच काय करतोय?"

मी सांगितलं. मशीनला जमीन शिकवावी लागते, त्यासाठी खाली काही नसलेली जागा लागते, आणि ती जागा मीच दाखवली.

"तिथं काय नाय ते तुला कोनी सांगितलं?"

"बाबा उभे राहायचे तिथे. दर रविवारी. बिडी ओढत."

आईला हे माहीत नव्हतं. कसं असणार, ती मागच्या दाराने जायची. "घरीबी वडायचे की बिडी," ती हळूच म्हणाली. "माज्या तोंडावर वडायचे. त्यांना बिडीसाठी झाडाखाली कशाला उभं राहायला लागतं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा या म्हणीचा मी मराठीच्या बदली तासाला कितीतरी मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला असेल. तीन दिवस आम्ही त्या मशीनला भेंडीखाली नेऊन शिकवत होतो की हे जे काही खाली आहे ना, याला जमीन समज, याच्याकडे लक्ष देऊ नकोस. आणि ते बिचारं आमचं ऐकत होतं. बाबा खरंच त्यासाठीच उभे राहायचे का, हे मला आजही ठाऊक नाही. सावली चांगली होती म्हणूनही राहत असतील. पण आई उठून उभी राहिली होती आणि तिला आता कुणी खाली बसवू शकलं नसतं.

मशीनवाल्याला मग मला राहिलेली अर्धी गोष्ट सांगावी लागली. तो ऐकत गेला आणि त्याने हेडफोन काढून गळ्यात घेतले. "आधी सांगायचं ना, सर," तो म्हणाला. "मी इथे बूट घालून नाचतोय तीन दिवस." त्याने बूट काढून रस्त्याच्या कडेला ठेवले. मग म्हणाला की बॅलन्स पुन्हा करायला हवा, दुसऱ्या कुठल्यातरी कोऱ्या जागी, म्हणजे भेंडीखाली काही असेल तर मशीन बोलेल. "दुसरी कोरी जागा सांगा."

मी आईकडे बघितलं. आई त्याला म्हणाली, "इथं तशी जागा नाय, पोरा."

तिचं खरं होतं. त्या पट्ट्यात कुठेही बोट ठेवलं असतं तरी तिथे काही नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. त्याने रस्त्यापलीकडच्या वाडीत जाऊन बॅलन्स केला, पण तिथली जमीन निव्वळ रेताड, तिच्यात लोखंड नावालाच. तिथे शिकलेलं मशीन भेंडीखाली आणल्याबरोबर किंचाळायला लागलं. तिथून हात-दोन हात कुठेही नेलं तरी तितकंच किंचाळत होतं. त्याने बटणं फिरवली, केबल काढून लावली, मशीनला एकदा चापटही मारली. शेवटी ते बंद करून झाडाला टेकवून ठेवलं. एवढा हुशार, एवढा बोलका माणूस, पण आता हात चोळत उभा होता आणि मीही त्याच्या शेजारी तसाच उभा होतो.

मग मी खाली बसलो आणि भेंडीखाली खुरप्याने उकरायला लागलो. आई खुर्ची ओढून घेऊन जवळ आली. वरचा उरलासुरला मुरूम निघाला, त्याखाली काळी वाळू लागली, वाळूत झाडाची मुळं लागली. मुळं कापायला मला धीर होईना, म्हणून मी हातानेच बाजूची वाळू काढत गेलो. कोपरभर खोलीवर एक तांबूस ढेकूळ लागलं, पंजाएवढं लांब. मी ते दोन्ही हातांनी उचलायला गेलो आणि ते मधोमध मोडलं. आतूनही तांबूस. त्याला पातं नव्हतं, मूठ नव्हती. त्याच्या आजूबाजूला तसलीच तांबूस वाळू होती, बाकी काही नाही.

मशीनवाला माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने मशीन चालू करून ढेकळावर धरलं. ते बोललं, पण ते मघाच्या दगडांवरही असंच बोललं होतं. "गंज असू शकतो," तो पुटपुटला. मग प्रामाणिक माणूस असल्यामुळे म्हणाला, "मुरमाचा गोळा पण असू शकतो. मुरूम खाली झिरपतो पाण्याबरोबर." मी विज्ञानाचा मास्तर. मला विचाराल तर मलाही सांगता येत नव्हतं. घरी परीक्षानळी असती, आम्ल असतं तरी सांगता आलं नसतं, कारण दोन्हीकडे लोखंडच निघालं असतं.

आईने हात पुढे केला. मी एक तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिला हल्ली जवळचं नीट दिसत नाही. तिने अंगठ्याने तो चोळला, अंगठा लाल झाला, मग तिने तो नाकाशी नेला. "सांग तू," ती म्हणाली. "तू शिकलेला हायेस. हाच का तो?"

मशीनवाल्याने मान दुसरीकडे वळवली. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ बसेपर्यंत मी वेळ काढला. आयुष्यभर मुलांना सांगत आलो होतो की माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. पण समोर आई बसली होती, तिच्या मुठीत ती माती होती, आणि उद्या सकाळी ब्लॉक येणार होते.

"हाच," मी म्हटलं.

आम्ही ती माती आणि ते तुकडे चर्चच्या स्वयंपाकघरातून आणलेल्या स्टीलच्या डब्यात भरले. आईने डबा माझ्याकडे दिला नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवला. मी बोलावल्यावर फादर गळ्यात प्रार्थनाविधीचा पट्टा घालून आले. फाटकातून आत जाताना आई एका हाताने माझा दंड धरून चालत होती आणि दुसऱ्या हाताने डबा छातीशी. बाबांच्या कबरीपाशी एक छोटा खड्डा केला, फादरनी प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडलं, आणि आईने डबा ओतला. ती रडली नाही. मी रडलो, पण मी कशासाठी रडतोय हे मला धड कळत नव्हतं. मशीनवाला फाटकाबाहेर अनवाणी उभा होता, आत ये म्हटलं तरी आला नाही.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक आले आणि आठवड्याभरात पट्टा गुळगुळीत झाला. काम चांगलं केलंय, पावसात पाणी साचत नाही. भेंडीभोवती गोल पार बांधला. रविवारी तिथे गाड्या ओळीने लागतात. मी मात्र माझी गाडी पुढे शाळेच्या मैदानाशी लावतो आणि आईला तेवढं अंतर चालवत नेतो. लोक म्हणतात, सर, जागा आहे की इथे. मी म्हणतो, गुडघ्यांना व्यायाम बरा. ब्लॉकवर पाय पडू नये म्हणून आई रस्त्याच्या कडेकडेने चालते आणि मीही तिच्यामागून तसाच चालतो.

मिस्सा झाली की आम्ही बाबांच्या कबरीपाशी जातो. सुरुवातीला दर रविवारी आई तिथे विचारायची, "आली ना रं ती आत?" मी म्हणायचो, "आली." एवढ्यावर तिचं समाधान व्हायचं आणि आम्ही घरी यायचो. पुढे पुढे हे विचारायच्या आधी ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिला जवळचं दिसत नाही असं डॉक्टर म्हणतात.

गेल्या रविवारी तिने विचारलंच नाही. मेणबत्ती लावली, क्रूसाची खूण केली, आणि माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "आता खरं सांगितलंस तरी चालंल. मी रागावनार नाय."

तिला सांगायला खरं काय ते मला तरी कुठे ठाऊक होतं.